बंदूक हाती लागण्याआधीचे काही दिवस

अमेरिकेत 2021 साली बंदुकीमुळे 48,830 माणसं दगावली. त्यातले 26,328 मृत्यू आत्महत्येचे होते, म्हणजे निम्म्याहून जास्त. शाळेत नाहीतर बाजारात कुणी अंदाधुंद गोळीबार केला की त्याची बातमी जगभर जाते, पण एकूण आकड्यात अशा घटनांचा वाटा अगदी थोडा असतो. बंदुकीचे बहुतेक बळी बंद दाराआड जातात, आणि धोरण ठरवताना नेमके तेच विसरले जातात.

आत्महत्येचं ठरवलेल्या माणसाला कोण अडवणार, असं आपण सहज म्हणून जातो. संशोधन वेगळंच सांगतं. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. तो झटका ओसरतो, कधी काही तासांत, कधी त्याहूनही लवकर. बंदूक मात्र झटका ओसरण्याइतकी सवड क्वचितच देते.

इस्रायलच्या सैन्यात याचा जवळजवळ प्रयोगच झाला. तरुण सैनिक सुट्टीला घरी जाताना बंदूक सोबत नेत. 2006 साली नियम बदलला आणि आठवड्याच्या सुट्टीला शस्त्र तळावरच ठेवून जायचं ठरलं. सैन्यातल्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. इतर दिवशी फारसा फरक पडला नाही. सैनिक तेच, ताणही तोच. फक्त दोन दिवस बंदूक जवळ नव्हती. इतका साधा नियम इतकी माणसं वाचवतो, हे मला आजही थक्क करतं.

खुनाच्या बाबतीतही असंच काहीसं दिसतं. बंदूक विकत घेतल्यावर ती हातात पडण्याआधी काही दिवस थांबायला लावणारे कायदे अमेरिकेतल्या काही राज्यांत आहेत. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, अशा कायद्यांमुळे बंदुकीने होणारे खून सुमारे 17 टक्क्यांनी कमी झाले. कनेक्टिकटने 1995 साली पिस्तूल घेण्याआधी परवाना बंधनकारक केला, तर मिसूरीने तशीच अट 2007 साली काढून टाकली. पहिल्या राज्यात बंदुकीने होणारे खून घटले, दुसऱ्यात वाढले. बंदुकीशिवाय झालेल्या खुनांच्या प्रमाणात मात्र तसा बदल दिसला नाही. एकूण गुन्हेगारीच कमी-जास्त झाली असती तर दोन्ही प्रकारचे आकडे बरोबरीने हलले असते, म्हणून ही तुलना महत्त्वाची.

अशा अभ्यासांना अमेरिकेत दीर्घकाळ सरकारी पैसाच मिळत नव्हता. 1996 साली संसदेने केंद्रीय आरोग्य संस्थेच्या निधीवर घातलेल्या अटीमुळे या विषयावरचं संशोधन जवळपास थांबलं. ज्यांच्या नावाने ती अट ओळखली जाते, त्या माजी खासदार जे डिकी यांनीच 2012 साली संशोधन व्हायला हवं असं जाहीरपणे लिहिलं. पैसा पुन्हा मंजूर व्हायला 2019 चा डिसेंबर उजाडला.

आता अनेक राज्यांत आणखी एक कायदा आहे: एखादी व्यक्ती स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याची लक्षणं दिसली, तर न्यायालय तिची बंदूक तात्पुरती काढून घेऊ शकतं. अर्ज कुणी करायचा, इथे राज्याराज्यांत फरक आहे. फ्लोरिडात तो अधिकार फक्त पोलिसांना, तर कॅलिफोर्नियात घरच्यांनाही आहे. मला कॅलिफोर्नियाची पद्धत योग्य वाटते. मुलगा चार दिवस जेवला नाही, निरवानिरवीची भाषा करू लागलाय, हे आधी आईला कळतं. पोलिसांना कळेपर्यंत उशीर झालेला असतो.