द इनोसंट्स (नॉर्वेजियन चित्रपट, २०२१)

एस्किल वोग्ट यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला नॉर्वेजियन मानसशास्त्रीय भयपट. लांबी ११७ मिनिटे. जुलै २०२१ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या ‘अं सर्तें रगार’ या वेगळ्या धाटणीच्या चित्रपटांच्या विभागात तो पहिल्यांदा दाखवला गेला. १९६१ चा याच नावाचा ब्रिटिश भयपट वेगळा, त्याच्याशी याचा संबंध नाही. दिग्दर्शक योआकिम त्रियर यांचे सहलेखक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वोग्ट यांचा दिग्दर्शक म्हणून हा दुसरा चित्रपट. पहिला ‘ब्लाइंड’ (२०१४).

नऊ वर्षांची इडा आणि तिची स्वमग्न (ऑटिझम असलेली), न बोलणारी मोठी बहीण अ‍ॅना आईवडिलांबरोबर एका उंच इमारतींच्या वसाहतीत राहायला येतात. उन्हाळ्याची सुट्टी असल्याने बरीच कुटुंबे गावाला गेलेली आणि अंगणे ओस. तिथे इडाला बेन हा मुलगा भेटतो. वरून सोडलेले बाटलीचे झाकण तो हात न लावता बाजूला वळवतो. अ‍ॅनाची गट्टी जमते आयशा या मुलीशी. अ‍ॅनाच्या मनातले आयशाला कळते आणि तिच्या वेदनाही जाणवतात. मुले एकत्र आली की प्रत्येकाची शक्ती वाढते, आणि हा नियम कुणीही समजावून न सांगता नुसत्या खेळातून उलगडत जातो.

शक्ती दिसण्याआधीच क्रौर्य दिसते, हे या पटकथेचे खरे बळ. इडा बहिणीला चिमटे काढते, तिच्या बुटात काचेचे तुकडे टाकते: तिला दुखते का, एवढेच पाहायला. पुढे ती आणि बेन एका मांजराला जिन्याच्या पोकळीतून खाली टाकतात. मांजर जखमी झाल्यावर इडा बिचकते, बेन मात्र थांबत नाही. मुलांमधला फरक चित्रपट इथेच दाखवतो. इडाला दुसऱ्याच्या वेदनेची जाणीव हळूहळू होत जाते. बेनचा राग मात्र आवरायला कुणी नाही आणि त्याची शक्ती वाढतच राहते. पुढे तो माणसांनाच दुरून चालवू लागतो, आणि आयशाचा जीव जातो तो तिच्या आईच्याच हातून.

चित्रीकरण ओस्लोच्या ईशान्येकडील रोम्सोस वसाहतीत झाले. जंगलाने वेढलेली ही वसाहत १९७० च्या दशकात उभी राहिली. छायालेखक स्टुर्ला ब्रांट ग्रोव्हलेन यांनी बहुतेक भीतिदायक प्रसंग लख्ख उन्हात टिपले आहेत. अंधाराचा आडोसा नसल्याने प्रेक्षकाला नजर चुकवता येत नाही. ध्वनिरचनेसाठी गिस्ले त्वेइतो आणि गुस्ताफ बेर्गेर यांना २०२१ चा युरोपीय चित्रपट पुरस्कार मिळाला. दोघी बहिणी आणि बेन यांच्यातला शेवटचा सामना खेळाच्या मैदानाजवळ भर दिवसा, जवळजवळ शब्दांवाचून होतो. शेजारी बसलेल्या मोठ्यांना काहीच कळत नाही, पण इमारतींमधली लहान मुले खिडक्यांशी येतात. ना स्फोट, ना उडणाऱ्या वस्तू, तरी ताण कुठेही सैल पडत नाही.

कात्सुहिरो ओतोमो यांच्या ‘दोमू’ या जपानी चित्रकथेचा प्रभाव वोग्ट यांनी मान्य केला आहे. मोठ्या इमारतींची वसाहत आणि शक्ती असलेली मुले ही मांडणी तिथेही आहे.

चित्रपटाची कमकुवत बाजू अ‍ॅनाच्या चित्रणात आहे. स्वमग्न व्यक्तीला अलौकिक शक्ती बहाल करण्याचा भयपटांतला जुना साचा इथेही मोडत नाही. तिचे बोलणे परत येणे हे शक्तीचेच फळ ठरते, आणि स्वमग्नता ही जणू दूर करायची अडचण आहे असा अर्थ त्यातून निघतो.