सीबीसीच्या मशीनपासून नॅनोपोरपर्यंत

पावसाळ्यात ठाण्यात कुणाला ताप आला की डॉक्टर आधी सीबीसी करायला सांगतात, मग प्लेटलेट किती आल्या यावर घरभर चर्चा. त्या मोजायची जी युक्ती अजून बऱ्याच मशीनमध्ये आहे, नॅनोपोरची, म्हणजे एकेक रेणू जाईल एवढ्या बारीक भोकाची गोष्ट तिथूनच सुरू होते. वॉलेस कूल्टर या अमेरिकन माणसाला 1953 मध्ये तिचं पेटंट मिळालं, आयडिया एवढीच की मिठाच्या पाण्यात बारीक भोकातून करंट सोडायचा, पेशी भोकात शिरली की करंट क्षणभर पडतो, पडला की एक मोजायची. ठाणे स्टेशनच्या जिन्यावर कुणी मोठं बोचकं घेऊन चढला की गर्दीचा लोंढा कसा एकदम मंदावतो, तसंच.

मग भोक आणखी लहान केलं तर एकेक रेणू कळेल का? 1989 मध्ये डेव्हिड डीमर या शास्त्रज्ञाने वहीत स्केच काढलं, डीएनएचा धागा असा भोकातून ओढायचा. पण एवढं लहान भोक पाडणार कोण? ते बॅक्टेरियाकडे तयारच होतं, स्टॅफिलोकोकस ऑरियस या बॅक्टेरियाचं अल्फा-हिमोलायसिन नावाचं विषारी प्रोटीन, सगळ्यात अरुंद जागी साधारण 1.4 नॅनोमीटर. गंमत बघा, हे विष तांबड्या पेशींना भोकं पाडून त्या फोडतं, म्हणजे कूल्टरसाहेब ज्या मोजत होते त्यांनाच! 1996 मध्ये कॅसियानोविच, ब्रँडिन, ब्रँटन आणि डीमर यांनी दाखवलं की त्यातून आरएनए-डीएनएचा एकेरी धागा जातो आणि करंट पडतो. (2001 पासून सिलिकॉन नायट्राइड या घन पदार्थातही भोकं करता यायला लागली, ते वेगळं प्रकरण.)

खरी गोची वेगाची होती. डीएनएचं एकेक अक्षर (ए, टी, जी, सी) काही मायक्रोसेकंदात पसार, वाचणार कधी? माझ्या मते या सगळ्या इतिहासात भोकाहून ब्रेक मोठा. तो मिळाला फाय-29 नावाच्या व्हायरसच्या पॉलिमरेझमधून, म्हणजे डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइममधून, भोकाच्या तोंडाशी टीसीसारखं उभं राहून एकेक अक्षर सोडणारं, आणि 2012 मध्ये ते नीट जमलं, म्हणजे स्केचनंतर 23 वर्षांनी. पुढे 2014 ला ऑक्सफर्ड नॅनोपोरचं खिशात मावणारं, डीएनए वाचणारं मशीन मिनआयन संशोधकांच्या हातात आलं, 2015 ला गिनीत इबोलासाठी वापरलं, 2016 ला थेट स्पेस स्टेशनवर.

सगळे सिक्वेन्सिंगवरच, म्हणजे डीएनएची अक्षरं ओळीने वाचण्यावरच बोलतात, मला मात्र त्या टीसीवर नजर ठेवायची भानगड जास्त आवडते. धागा किती सरकला ते करंटवरून कळतं, म्हणजे एन्झाइमची पावलंच कळतात, कुठे थांबलं, कुठे मागे घसरलं, आणि सिॲटलच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या जेन्स गुंडलाख यांच्या ग्रुपने तर एका अँगस्ट्रॉमहून (नॅनोमीटरचा दहावा भाग) कमी हालचाल टिपली. टेस्ट ट्यूबमध्ये कोट्यवधी एन्झाइमं एकत्र असतात तेव्हा हाती नुसती सरासरी येते, एखादा मध्येच चहाला गेला तर पत्ताही लागत नाही, इथे लगेच पकडला जातो.