क्लिअरन्स सेल म्हणजे डागी माल नव्हे

म्हापशाच्या बाजारात ‘क्लिअरन्स सेल’ची पाटी लागली की कुणीतरी म्हणतंच, ‘डागी माल असणार, आणि परतही घेणार नाहीत.’ दोन्ही समज चुकीचे. क्लिअरन्स म्हणजे हंगामाचा उरलेला माल काढून फळी मोकळी करणं. एकाच मापाचे तीन शर्ट उरतात, चतुर्थीचा नवा माल यायचा असतो, पैसा अडकलेला असतो. म्हणून भाव उतरतो. विणीत खोट असलेल्या कपड्याला ‘सेकंड’ म्हणतात, तो वेगळा. बिलावर ‘विकलेला माल परत नाही’ छापलं तरी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. नुसता रंग आवडला नाही, हे कारण यात बसत नाही. बिल मात्र मागून घ्याच.