बी.ए. राज्यशास्त्राला प्रवेश: सातारा जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

राज्यशास्त्रातून बी.ए. करायचं तर बारावीला आर्ट्सच असायला हवं, असा समज माण-खटावपासून पाटणपर्यंत अजून टिकून आहे. तसं काही नाही. बारावी कोणत्याही शाखेतून पास असलात तरी बी.ए.-१ ला अर्ज करता येतो. सायन्स, कॉमर्स, एमसीव्हीसीवाल्यांनाही. अकरावी-बारावीला राज्यशास्त्र घेतलेलं नसलं तरी अडत नाही. सीईटीही नाही. बीबीए-बीसीएला ती आली, पण आपल्याकडच्या कॉलेजांतलं नेहमीचं बी.ए. बारावीच्या गुणांवरच मिळतं.

मार्क कमी पडले म्हणून आर्ट्स आणि आर्ट्समध्ये दुसरं काही सुचलं नाही म्हणून राज्यशास्त्र, ही वाट मला पटत नाही. बेचाळीसच्या आंदोलनानंतर गावोगाव प्रतिसरकार चालवणारा हा जिल्हा आहे. सोसायटी, ग्रामपंचायत, साखर कारखाना, या निवडणुकांची चर्चा आपल्या घराघरांत जेवताना होते. ती सत्ता चालते कशी, घटनेत तिला कुठे आधार आहे, ७३ व्या घटनादुरुस्तीने गावाच्या हाती नेमकं काय दिलं, हे शिकवणारा हा विषय आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना राज्यघटना आणि पंचायत राजचा भाग थेट उपयोगी पडतो, हे खरंच. पण तीन वर्षं त्यातच मोजू नका. राजकीय विचारवंत आणि आंतरराष्ट्रीय संबंधही मन लावून वाचावे लागतात.

फॉर्म भरण्याआधी कॉलेजात दोन गोष्टी विचारा. पहिली, पदवी कोणत्या विद्यापीठाची. जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहेत. पण साताऱ्यातलं रयत शिक्षण संस्थेचं छत्रपती शिवाजी कॉलेज आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचा घटक आहे. त्यामुळे एकाच शहरातल्या दोन कॉलेजांचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवीवरचं नाव वेगळं असू शकतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: तिसऱ्या वर्षापर्यंत राज्यशास्त्र मेजर म्हणून मिळणार का? पूर्वी आपण ज्याला स्पेशल म्हणायचो, तेच आता मेजर. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षी घेतलेल्या मुख्य विषयांमधूनच पुढे मेजर आणि मायनर, म्हणजे दुय्यम विषय, ठरतो. पहिल्या वर्षी राज्यशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येक कॉलेजात ते शेवटपर्यंत मेजर असतंच असं नाही. लहान कॉलेजांत मुलं कमी पडली की विषय मायनरपुरताच राहतो. अशा वेळी दुसऱ्या वर्षी कॉलेज बदलायची पाळी येते आणि ते फार जड जातं. म्हणून ऑफिसच्या खिडकीवर विचारून थांबू नका, राज्यशास्त्र विभागात जाऊन प्राध्यापकांनाच भेटा. ते आनंदाने सांगतात.

अर्ज कॉलेजच्याच पातळीवर होतो. संकेतस्थळावर फॉर्म भरायचा, विषय निवडायचे, प्रिंट काढायची. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर गुणवत्ता यादी लागते, मग मूळ कागद तपासून फी भरायची. यादीत नाव आलं पण दिलेल्या मुदतीत फी भरली नाही तर जागा पुढच्याला जाते. वाट पाहत बसू नका. फॉर्मवर नाव दहावीच्या मार्कलिस्टवर आहे तसंच लिहा. आधारवर वेगळं असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या, नाहीतर शिष्यवृत्तीच्या वेळी तेच आडवं येतं. डिजिलॉकरवरून एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडीही काढून ठेवा. तो बारा आकडी क्रमांक असतो आणि तुमचे क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक, त्यावर जमा होतात.

कागद असे लागतात: दहावी आणि बारावीची मार्कलिस्ट, बारावीच्या कॉलेजचा मूळ दाखला म्हणजे एलसी, आधार, फोटो. मूळ दाखला जमा करण्याआधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स नक्की काढा. सीबीएसई किंवा दुसऱ्या बोर्डातून आलेल्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट, मध्ये वर्ष गेलेल्यांना गॅपचं प्रतिज्ञापत्र.

आरक्षित जागेसाठी जातीचा दाखला लागतो. ओबीसी, एसईबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी यांना त्यासोबत नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. एससी-एसटीला ते लागत नाही. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बलांना ईडब्ल्यूएसचा दाखला. खरी दमछाक इथेच होते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, आणि शेतकरी कुटुंबाला त्याआधी तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल. नॉन-क्रिमीलेअर प्रांतांच्या सहीने मिळतं. निकाल लागला की सेतू आणि महा-ई-सेवा केंद्रांवर सगळा जिल्हा एकाच वेळी उभा राहतो. बारावीची परीक्षा संपली की एप्रिलमध्येच अर्ज टाका. मार्चमध्ये काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बहुधा ३१ मार्चलाच संपते, म्हणून त्याआधी घाई केलेलीही उपयोगाची नाही. आणि या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी पाचशे रुपयांचा स्टॅम्प शासनाने २०२५ मध्ये माफ केलाय. कोणी मागितला तर तसं स्पष्ट सांगा.

शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा, महाडीबीटी पोर्टलवर. कॉलेजला प्रवेश मिळाला म्हणजे तो आपोआप होत नाही. बँक खातं आधारशी जोडलेलं लागतं, रेशनकार्ड आणि फीची पावतीही जवळ ठेवा. अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्यावर असाल तर फ्रीशिप, म्हणजे फी माफीची योजना, पाहा. मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. जुलै २०२४ च्या निर्णयाने मुलींना मिळालेली शंभर टक्के फी माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. बी.ए. त्यात धरून घरचा हिशेब मांडू नका, बी.ए.ला कोणती सवलत लागू होते ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातून आधी समजून घ्या.

तीन वर्षांनी पदवी मिळते, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, म्हणजे पहिलं वर्ष हलक्यात घालवून चालणार नाही. एक वर्ष करून थांबावं लागलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा; मात्र त्यासाठी जादा चार क्रेडिटचं काम पूर्ण करावं लागतं. लग्न किंवा घरची अडचण यामुळे शिक्षण सुटणाऱ्या मुलींनी ही सोय माहीत करून घ्यावी, कारण एबीसी खात्यातले क्रेडिट घेऊन पुन्हा परत येता येतं.

ज्यांना एमआयडीसीतली नोकरी किंवा शेती सोडून रोज वर्गात बसणं जमणार नाही, त्यांच्यासाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं बी.ए. आहे. त्याचे प्रवेश वेगळ्या वेळापत्रकाने, विद्यापीठाच्याच पोर्टलवरून होतात. अर्ज करताना घराजवळचं अभ्यासकेंद्र निवडा आणि तिथे राज्यशास्त्राचे संपर्क वर्ग भरतात का, ते फी भरण्यापूर्वी विचारा.