ब्रश धुतला, पण वाळला का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये बातमी आली होती: टूथब्रश आणि शॉवरच्या तोट्यांवर ६०० हून अधिक प्रकारचे विषाणू! अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं ते संशोधन. मथळा वाचून अंगावर काटा येतो, पण ते विषाणू बॅक्टेरियोफाज होते, म्हणजे जिवाणूंना गाठणारे; माणसाच्या पेशींच्या वाटेला ते जात नाहीत. मला त्यात वेगळंच दिसलं. जिवाणूंवर जगणारे इतके विषाणू जिथे आहेत, तिथे जिवाणूंची वस्तीही भरलेली असणार.

ही वस्ती म्हणजे बायोफिल्म. दातांवरचं किटण हाही तिचाच प्रकार. ब्रिसल्सचा झुबका जिथे प्लास्टिकमध्ये रुतलेला असतो, तिथल्या बारीक फटींत केशाकर्षणामुळे पाणी धरून राहतं. तोंडातून आलेला एखादा जिवाणू तिथे चिकटतो, विभागतो आणि स्वतःभोवती शर्करांच्या लांब साखळ्यांचा चिकट लगदा स्रवू लागतो. त्या लगद्यात पाणी आणि अन्नकण अडकतात. संख्या वाढली की जिवाणू एकमेकांना रासायनिक संकेत पाठवतात. त्या संकेतांची घनता ठरावीक पातळीच्या वर गेली की सगळ्यांची जनुकं एकदम वेगळी वागू लागतात. याला कोरम सेन्सिंग म्हणतात, आणि मला हे जीवशास्त्रातलं सर्वांत विलक्षण प्रकरण वाटतं: मेंदू नसलेल्या पेशी आपली गर्दी मोजतात! तळाच्या थरातले जिवाणू जवळजवळ वाढ थांबवून बसतात, त्यामुळे वाढत्या पेशींवर मारा करणारी औषधं त्यांच्यावर फारशी चालत नाहीत.

पण या सगळ्याला पाणी लागतं. म्हणून ब्रश नळाच्या धारेखाली चोळून धुवावा, झटकावा आणि डोकं वर करून मोकळ्या हवेत उभा ठेवावा. रोज टोपण घालणं ही स्वच्छता नव्हे. आत ओल कोंडते. ‘९९.९ टक्के जंतू मारणाऱ्या’ अतिनील दिव्याच्या डब्यांचंही फार कौतुक नको. प्रकाश सरळ रेषेत जातो, झुबक्याच्या मुळाशी सावलीच राहते.

निरोगी माणूस स्वतःच्याच ब्रशमुळे आजारी पडतो असा पुरावा नाही. दुसऱ्याचा ब्रश मात्र कधीच वापरू नये: हिरड्यांतून रक्त येतं आणि हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतो. एका पेल्यात ब्रश ठेवले तर डोकी एकमेकांना टेकू देऊ नयेत. तीन-चार महिन्यांनी, किंवा ब्रिसल्स फाकल्या तर त्याआधीच, ब्रश बदलावा. फाकलेल्या ब्रिसल्स किटण नीट खरवडत नाहीत.