प्रोपोलिसचा अर्क आणि त्याचे अँटिऑक्सिडंट गुण

मधमाशी मकरंद आणि पराग गोळा करते हे सर्वांना ठाऊक असते. झाडांच्या कळ्यांवर आणि सालीच्या चिरांत पाझरणारी राळही ती मागच्या पायांवर लादून आणते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. या राळेत मेण मिसळून तयार झालेल्या चिकट, तपकिरी पदार्थाने मधमाश्या पोळ्याच्या फटी बुजवतात. इतकेच नव्हे, तर आत मेलेला उंदीर बाहेर ओढून नेणे अशक्य असल्याने त्यालाही त्या याच पदार्थाने मढवून टाकतात. यालाच प्रोपोलिस म्हणतात.

ढोबळमानाने त्यात निम्मी राळ, सुमारे 30 टक्के मेण, 10 टक्के सुगंधी तेले आणि उरलेल्यात पराग व इतर पदार्थ असतात. राळ कोणत्या झाडाची, यावर बाकी सारे ठरते. युरोपातील प्रोपोलिस मुख्यतः पॉप्लर झाडापासून येते आणि त्यात पिनोसेम्ब्रिन, क्रायसिन, गॅलॅंगिन यांसारखी फ्लॅव्होनॉइड्स, म्हणजे वनस्पतींत तयार होणारी एका गटातील संयुगे, आढळतात. ब्राझीलच्या हिरव्या प्रोपोलिसमध्ये आर्टेपिलिन-सी हे संयुग प्रमुख असते. एकाच नावाखाली खरे तर निरनिराळे पदार्थ वावरत असतात.

मधमाश्या पाळण्याच्या पेटीच्या चौकटी खरवडून मिळणाऱ्या प्रोपोलिसमध्ये लाकडाचे कण आणि रंगाचे पापुद्रे येतात, म्हणून पेटीच्या वर बारीक फटींची प्लॅस्टिकची जाळी ठेवणे अधिक चांगले. मधमाश्यांनी फटी भरल्या की जाळी फ्रीझरमध्ये ठेवतात. थंडीने ठिसूळ झालेले प्रोपोलिस जाळी वाकवताच सुटून पडते. दळतानाही ते थंडच हवे, नाहीतर ते पात्याला चिकटून बसते. ही भुकटी बहुधा 70 टक्के इथेनॉलमध्ये, अंधारात, अधूनमधून ढवळत काही दिवस भिजवतात. नुसत्या पाण्यात फिनॉलिक आम्ले (कॅफिक आम्लासारखी वनस्पतिजन्य आम्ले) काही प्रमाणात उतरतात, पण राळ मागेच राहते. अल्कोहोल जवळजवळ शुद्ध असेल तर मेणही अधिक विरघळते. पाणी मिसळलेले अल्कोहोल हा या दोहोंमधला मार्ग आहे. गाळलेला अर्क थंड केला की उरलेले मेण तळाशी बसते आणि तो पुन्हा गाळता येतो. श्राव्यातीत ध्वनितरंगांचा (अल्ट्रासाऊंड) वापर केल्यास भिजवण्याचा काळ बराच कमी होतो.

अँटिऑक्सिडंट गुण म्हणजे मुक्त मूलकाला, अर्थात जोडीविना इलेक्ट्रॉन बाळगणाऱ्या चंचल रेणूला, हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन देऊन शांत करणे. कॅफिक आम्ल आणि त्याची एस्टर संयुगे यांच्या रेणूतील कार्बन अणूंच्या वलयावर शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असल्याने ती हे काम उत्तम करतात. क्रायसिन विपुल असूनही त्याच्यात ही रचना नसल्यामुळे तुलनेने दुबळे पडते. त्यामुळे केवळ एकूण फ्लॅव्होनॉइड्सचा आकडा पाहून अर्क पारखणे मला फसवे वाटते. प्रयोगशाळेत डीपीपीएच या स्थिर मुक्त मूलकाच्या जांभळ्या द्रावणात अर्क घालतात आणि रंग पिवळसर होत जाताना 517 नॅनोमीटरवरील प्रकाशशोषणात झालेली घट मोजतात. हा आकडा द्रावक, त्याची तीव्रता आणि मोजणी कच्च्या प्रोपोलिसच्या वजनावर केली की सुक्या अर्काच्या, यानुसार बदलतो. हे तपशील नसलेल्या तुलनेला फारसा अर्थ नाही.

परीक्षानळीतील हे गुण शरीरात जसेच्या तसे उतरत नाहीत, कारण शोषल्या गेलेल्या फिनॉलिक संयुगांचे आतड्यात आणि यकृतात रूपांतर होते. शिवाय, अर्काला अँटिऑक्सिडंट बळ देणारी कॅफिक आम्लाची काही एस्टर संयुगेच पॉप्लरजन्य प्रोपोलिसमधील मुख्य ॲलर्जीकारक घटक आहेत, आणि मधमाश्यापालकांच्या हातांवर उठणाऱ्या त्वचादाहामागे अनेकदा तीच असतात.