उन्हाच्या गावात 60,000 चं पाकीट

कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येण्याच्या आजाराच्या, पेशंटच्या चिठ्ठीवर वर सूज उतरवणारं मेसालामाइन, कधी स्टेरॉइड, आणि तळाशी एक ओळ: डी-थ्री 60,000, आठवड्यातून एकदा, दुधातून. डी-थ्री म्हणजे डी जीवनसत्त्व, अंगावर ऊन पडलं की कातडीत बनणारं; 60,000 हे त्याचे युनिट. सोलापूरच्या पूर्व भागात मेडिकलवाल्याकडे नुसतं 'साठ हजारवालं' म्हटलं तरी पाकीट समोर येतं. पण घरी आईचा प्रश्न असतोच, "एवढं ऊन पडतंय, अन् ह्याला उन्हाचं औषध?" शिवाय जुलाब लागल्यापासून घरात दूध बंद, ते वेगळंच. (दूधच हवं असं नाही. हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं, थोडं तेल-तूप असलेल्या जेवणानंतर घेतलं तरी चालतं.)

हे औषध मुळात आतड्याचं नाहीच, मुडदुसाचं. 1919 मध्ये इंग्लंडात एडवर्ड मेलन्बी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना मुडदूस आणला आणि कॉड माशाच्या तेलाने तो टाळता येतो हे दाखवलं. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुलं अतिनील दिव्याखाली बरी केली. एकीकडे तेल, एकीकडे उजेड; दोन्हींतून मिळतं ते एकच, हे कळायला अजून काही वर्षं गेली. 1922 मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांनी त्या तेलातलं 'ए' जीवनसत्त्व नष्ट केलं, तरी मुडदूस बरा झाला. ए, बी, सी ही अक्षरं आधीच गेली होती, म्हणून 'डी'.

आतड्याच्या आजारात ते शिरलं हाडांच्या वाटेनं. 1955 मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी कोलायटिसवर कॉर्टिसोन लागू पडतं हे चाचणीने दाखवलं. स्टेरॉइड आली तशी हाडं ठिसूळ होण्याची भीतीही आली, आणि कॅल्शियमसोबत डी लिहिलं जाऊ लागलं. क्रोन्स या कोलायटिसच्या भावकीतल्या आजारात बऱ्याचदा लहान आतड्याला सूज असते किंवा त्याचा तुकडा काढलेला असतो, तिथे स्निग्ध पदार्थांबरोबर डीही नीट शोषलं जात नाही.

'सूजच कमी होईल' ही आशा त्या मानाने नवी. 2000 च्या सुमारास डी कमी पडलेल्या उंदरांत आतड्याचा दाह जास्त दिसला. 2010 मध्ये डेन्मार्कमध्ये आजार शांत असलेल्या 94 क्रोन्स रुग्णांवर चाचणी झाली. रोज 1,200 युनिट घेणाऱ्यांपैकी 13 टक्क्यांचा आजार उलटला, न घेणाऱ्यांपैकी 29 टक्क्यांचा. आकडे बोलके वाटतात, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही. पुढच्या चाचण्यांनीही ठोस शिक्कामोर्तब केलेलं नाही. मुळात डी कमी म्हणून आजार, की आजारामुळे डी कमी, हा गुंता आहेच.

राहिला आईचा प्रश्न. ऊन सोलापुरात आहे, अंगावर नाही. यंत्रमागावरचा माणूस पाळीभर पत्र्याखाली, विड्या वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन दिवसभर घरात. त्यात सावळी कातडी, तिला तेवढंच डी बनवायला जास्त ऊन लागतं. ज्याला दिवसात आठ-दहा वेळा संडासला पळावं लागतं, तो दुपारी अंगणात कशाला बसेल?

पाकीट देताना मेडिकलवाला पेनाने त्यावर 'रविवार' लिहून देतो. आठवड्याचा डोस रोजचा समजून महिनोन्महिने घेतला, तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळ सुरू होते, मूत्रपिंडाला त्रास होतो. आणि मळमळ म्हटल्यावर घरच्यांना वाटतं, कोलायटिसच उलटला.